पाना परत घेऊ नका: गॅरेजात शिकाऊ मुलगा कसा तयार करावा

आमचे मिस्त्री पॉइंट (डिस्ट्रिब्यूटरमधले, प्लगला ठिणगी कधी द्यायची ते ठरवणारे संपर्क) सेट करायला वाकले की पाठ माझ्याकडे करायचे. साल १९८७, मी सोळा वर्षांचा, समोर बॉनेट उघडलेली पद्मिनी कार. फीलर गेजचं (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांचं) कुठलं पान घातलं, डिस्ट्रिब्यूटर कुठल्या बाजूला किती फिरवला, काही म्हणजे काही दिसायचं नाही. दोन वर्षं मी बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या घरून सायकल मारत जायचो, गाड्या धुवायचो, चहा आणायचो, पाने पुसून ठेवायचो, आणि दुपारी सगळे जेवायला पांगले की भंगारातला एक कार्बोरेटर उघडून बसायचो. काम मला आलं ते असं चोरून. मिस्त्री मनाने वाईट नव्हते. दिवाळीला कपडे घ्यायचे, आजारी पडलो तर घरी येऊन बघून जायचे. पण सगळं शिकवलं तर पोरगा उद्या समोरच दुकान टाकेल, ही भीती त्यांना त्यांच्या उस्तादाकडून मिळाली होती.

आता बडोद्यातच, प्रतापनगर भागात माझं स्वतःचं गॅरेज आहे. चार मिस्त्री, दोन शिकाऊ मुलं. सुरुवातीच्या पाच-सहा मुलांना मीही तसंच शिकवलं, म्हणजे खरं तर शिकवलंच नाही. ती आपली उभी राहून बघत होती. त्यातली दोनच या धंद्यात टिकली. नंतर पद्धत बदलली, आणि गेल्या दहा-बारा वर्षांत गेलेली बहुतेक मुलं आज कुठे ना कुठे चांगल्या कामावर आहेत. काय बदललं ते इथे लिहितो. गॅरेज चालवणाऱ्यांसाठी लिहितोय, पण मुलाला कामाला लावू बघणाऱ्या आईबापांनीही वाचायला हरकत नाही.

मुलगा घेण्याआधी

चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवणं गुन्हा आहे, आणि चौदा ते अठरा या वयातही धोक्याची कामं मना आहेत. आमच्याकडे जॅक आहे, पेट्रोल आहे, वेल्डिंग आहे. म्हणून अठरा पूर्ण झाल्याशिवाय मी घेत नाही. ‘नुसता चहा आणायला, झाडू मारायला ठेवा’ म्हणणारे बाप येतात. त्यांना मी बसवून सांगतो की आधी दहावी होऊ द्या, अठरा पूर्ण होऊ द्या, मग आणा.

पहिली बोलणी मुलाच्या घरच्यांसमोर करा. वेळ किती ते किती, सुट्टी कोणत्या वारी, हातात किती पैसे, आणि कितव्या महिन्याला मुलगा काय करू शकला पाहिजे, हे एका कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा. शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. माझ्या कागदावर असतं: तिसऱ्या महिन्याला सर्व्हिसिंग स्वतः, सहाव्याला ब्रेक मिस्त्रीच्या नजरेखाली, वर्षाला वायरिंगचा साधा दोष मीटर लावून शोधणं. हे लिहिलेलं नसेल तर मुलगा दीड वर्ष गाड्या धूत राहतो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

सरकारी वाटही आहे, ती वापरा. शिकाऊ उमेदवारांचा कायदा १९६१ चा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला एकूण माणसांच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घेणं सक्तीचं आहे, ४ ते २९ माणसांच्या जागेला ते ऐच्छिक आहे. म्हणजे आपल्यासारखं मध्यम गॅरेजही सरकारच्या शिकाऊ उमेदवारांच्या पोर्टलवर नोंदणी करून रीतसर करार करू शकतं. २०१९ च्या नियमांत किमान विद्यावेतन ठरवलं होतं: पाचवी ते नववी शिकलेल्याला महिना ५,०००, दहावीला ६,०००, आयटीआय झालेल्याला ७,०००. २०१६ साली सुरू झालेल्या प्रोत्साहन योजनेत त्यातला २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, वाटा सरकार उचलतं. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मालकाची, हेही त्याच कायद्यात आहे. सही करण्यापूर्वी ते वाचून घ्या. तुमच्याकडे दोनच माणसं असतील तर हा करार होणार नाही, पण साधा कागद करायला कुणी अडवलेलं नाही.

आमच्याकडे गोरवा आणि तरसाली, दोन्ही आयटीआयची मुलं येतात. त्यांना आकृती काढता येते, इंजिनाचे चार स्ट्रोक घडाघडा सांगता येतात, पण गंजलेला बोल्ट समोर आला की हात थबकतो. सरळ गॅरेजात आलेल्या मुलाचं नेमकं उलटं. मला जमेल तेव्हा मी दोन्हीतला एकेक घेतो आणि जोडीने कामाला लावतो. दोघं एकमेकांना जे शिकवतात ते मला शिकवता येत नाही.

पहिले दोन आठवडे: नावं आणि जीव

बडोद्याच्या गॅरेजात एकाच हत्याराला तीन नावं असतात. मी स्क्रू ड्रायव्हर म्हणतो, जवळच्या पादरा गावचा मुलगा त्याला डिसमिस म्हणतो, यूपीहून आलेला मिस्त्री पेचकस मागतो. गाडीखालून हात बाहेर काढून मिस्त्रीने ‘बारा-तेराचा रिंग दे’ म्हटलं आणि हातात फिक्स पाना आला, की वैताग होतो, शिवी निघते, आणि मुलगा त्या दिवसापासून विचारायचं बंद करतो. म्हणून पहिले आठ दिवस रोज पंधरा मिनिटं नुसती नावं. एक मोठा प्लाय भिंतीला ठोकलाय, त्यावर प्रत्येक हत्याराची बाह्यरेषा रंगाने काढली आहे. खाली ज्या भाषेत मुलगा विचार करतो त्या भाषेत नाव तो स्वतः लिहितो. संध्याकाळी बोर्ड भरला की गॅरेज बंद. एखादी जागा रिकामी असेल तर तो दहाचा पाना कुणाच्या तरी बॉनेटमध्ये राहिला आहे, आणि तो आजच सापडला पाहिजे, नाहीतर उद्या फॅनच्या पट्ट्यात सापडेल.

भाषेबाबत मी आग्रही आहे, आणि बडोद्याच्या माणसाने असावंच. १८९० साली सयाजीराव महाराजांनी इथे कलाभवन काढलं, आणि प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जरांनी तिथे मातृभाषेतून तंत्रशिक्षणाचा आग्रह धरला. आज त्याच जागी विद्यापीठाची इंजिनिअरिंगची फॅकल्टी आहे. मी गुजरातीत शिकवतो, मराठी मुलांशी मराठीत बोलतो, हिंदी तर सगळ्यांनाच येते. भाग इंग्रजी नावानेच ओळखायचा, कारण दुकानात तो तसाच मिळतो. पण तो काय करतो हे घरच्या भाषेत सांगता आलं पाहिजे. ‘थर्मोस्टॅट म्हणजे थर्मोस्टॅट’ हे उत्तर मी घेत नाही. ‘इंजिन तापेपर्यंत पाण्याला रेडिएटरकडे जाऊ देत नाही ते दार’ हे घेतो.

याच दोन आठवड्यांत जिवाचे नियम. जॅकवर उचललेल्या गाडीखाली कुणीही जायचं नाही. दोन्ही बाजूला घोड्या (लोखंडी टेकू) लावून, गाडी हलवून बघून, मगच. गरम रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. पेट्रोलने हात धुवायचे नाहीत. मी धुतले, आणि माझ्या बोटांच्या भेगा हिवाळ्यात आजही उलतात. ब्रेकचा ड्रम उघडला की त्यात हवा मारायची नाही. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, ती धूळ छातीत जाऊन बसते. ओल्या फडक्याने पुसून घ्यायची. अंगठी, कडं, दोरा काढून ठेवायचा. बॅटरी सोडवताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. प्रत्येक नियमाचं कारण मुलाकडून वदवून घ्या. निगेटिव्ह आधी का? कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर मग काही होत नाही. हे ज्याला सांगता येतं तो नियम मोडत नाही.

पाना परत घेऊ नका

हे सगळ्यात अवघड, आणि माझ्या मते बाकी सगळं यावर उभं आहे.

मुलगा बोल्ट लावतोय. हात वाकडा पडलाय, बोल्ट बसत नाही, गिऱ्हाईक खुर्चीत बसून घड्याळ बघतंय. मिस्त्री म्हणतो, ‘हट, आण इकडे,’ आणि पाना ओढून घेतो. दहा सेकंदांत काम होतं. मुलगा काय शिकतो? एवढंच, की हे आपल्याला जमत नाही. असं दिवसातून दहा वेळा होतं, वर्षात तीन हजार वेळा.

पादरा गावच्या त्या मुलाच्या बाबतीत याची किंमत मी मोजली आहे. तो चौथ्या महिन्यात होता. ऑइल बदलायला आलेली गाडी, गिऱ्हाईक घाईत, मिस्त्रीने त्याला गाडीखालून हाक मारून सांगितलं, ‘चेंबरचा नट लाव आणि आवळ पटकन.’ चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑइलचं भांडं. तोवर त्याचा नट प्रत्येक वेळी कुणीतरी त्याच्या हातातून घेऊनच लावला होता. त्याने नट तिरका धरला, दोन वेढे जोर लावून गेले, पुढे जाईना, मग त्याने लांब दांडा घातला. अ‍ॅल्युमिनियमचं चेंबर होतं. आटे खरवडून बाहेर आले, चांदीच्या तारेसारखे. मुलगा गाडीखालून निघाला तेव्हा ती तार त्याच्या तळहातावर होती आणि ओठ थरथरत होते.

नवं चेंबर, गॅसकेट, दुसऱ्यांदा ऑइल. सगळं मी भरलं. मुलाच्या पैशातून एक रुपया कापला नाही, आणि तुम्हीही कापू नका. कापलात तर पुढच्या वेळी तो आटे गेलेले सांगणारच नाही. टेप गुंडाळून नट बसवेल आणि गाडी दुमाडजवळ एक्स्प्रेस हायवेवर ऑइल सांडून बंद पडेल. चूक सांगणाऱ्याला आमच्याकडे त्या दिवशी कुणी आवाज चढवून बोलत नाही, हा नियम मिस्त्रींनाही लागू आहे.

त्या रात्री मी विचार केला की त्याला नेमकं काय सांगायचं राहिलं होतं. एकच गोष्ट. बोल्ट आधी उलटा फिरवायचा. हाताने, पान्याने नव्हे. हलकेच उलटा फिरवत राहिलं की एका जागी तो आत खचतो आणि बोटाला ‘टक्’ असं जाणवतं. आट्याचं तोंड आट्याला भेटलं. तिथून सुलटा, बोटांनीच, निदान तीन वेढे. बोटांनी तीन वेढे गेले नाहीत तर थांब, काढ, पुन्हा उलटा. पस्तीस वर्षं माझी बोटं हे करत होती आणि माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं, कारण प्रत्येक वेळी मी पानाच काढून घेत होतो.

म्हणून नियम केला: एकदा मुलाच्या हातात पाना दिला की परत घ्यायचा नाही. तोंडाने सांगायचं. मी स्वतः हात पाठीमागे बांधून उभा राहतो. सांगता आलं नाही तर ती माझी उणीव, मी ती संध्याकाळी शोधतो. अपवाद मोजके आहेत. ब्रेक, स्टिअरिंग, पेट्रोलची लाइन, आणि जिथे कुणाचा हात चिरडू शकतो, तिथे थांबवायचं. तिथेही आधी ‘थांब’ म्हणायचं, मग कारण सांगायचं, मग त्याच्याच हाताने पूर्ण करून घ्यायचं.

गिऱ्हाईक बसलेलं असताना हे जमत नाही, हे खरं. त्यासाठी गाडी निवडा. संध्याकाळपर्यंत राहणारी गाडी मुलाची, तासाभरात जाणारी मिस्त्रीची. रोज सकाळी जॉब कार्ड वाटतानाच मी कोपऱ्यात एक खूण करतो. खुणेच्या गाडीला दुप्पट वेळ धरायचा, मजुरी तेवढीच. तो वरचा वेळ माझा खर्च आहे, मी तो मान्य केला आहे, आणि सहा महिन्यांनंतर तो वसूल होतो.

आवळायचं म्हणजे किती

‘घट्ट आवळ’ हे शिकवणं नव्हे. माझ्या बाकावर एका जुन्या इंजिनाचा ब्लॉक वायसमध्ये धरून ठेवलाय. नव्या मुलाला पहिल्या महिन्यात त्यावर आठ एमएमचे साधे बोल्ट देतो. आधी त्याच्या अंदाजाने आवळायला लावतो, मग टॉर्क रेंच (आवळण्याचा जोर मोजणारा पाना) लावून बघतो. या बोल्टला साधारण २५ न्यूटन मीटर पुरतं. सहा एमएमला दहा. नवा मुलगा लहान बोल्टला नेहमी जास्त आणि चाकाच्या नटला नेहमी कमी आवळतो.

मग एक बोल्ट मुद्दाम तोडायला लावतो. ‘आवळत जा, तुटेपर्यंत.’ सुरुवातीला हाताला जोर लागत जातो, वाढत जातो, आणि मग एका क्षणी पाना मऊ होतो. फिरतो, पण जोर वाढत नाही. ओला गूळ ताणल्यासारखं वाटतं. तिथे बोल्ट ताणला गेला. आणखी पाव वेढा आणि कट्. तो मऊपणा हाताने एकदा ओळखला की आयुष्यात मुलगा त्याच्या अलीकडे थांबतो. चार-पाच रुपयांच्या बोल्टमध्ये याहून मोठं शिक्षण मी तरी पाहिलेलं नाही. तुटलेला तुकडा ड्रिल मारून काढायचं कामही त्यालाच द्या.

हा बाक प्रत्येक गॅरेजात हवा. भंगारवाल्याकडून एक गिअरबॉक्स, एक अल्टरनेटर, एक सेल्फ आणून ठेवा. सकाळी गॅरेज दहाला उघडतं; मुलं साडेनऊला येतात. तो अर्धा तास बाकाचा. फोन घ्यायचा नाही, गिऱ्हाईक बोलवायचं नाही. ‘वेळ मिळेल तेव्हा शिकवू’ म्हणणाऱ्याला वेळ कधी मिळत नाही.

उघडण्याआधी बोला

गेल्या पावसाळ्यात एक छोटी कार आली. चावी फिरवली की सेल्फ कण्हतो, इंजिन उचलत नाही. डभोईचा मुलगा लगेच म्हणाला, ‘काका, बॅटरी ऊतरी गई.’ बहुतेक ठिकाणी इथेच नवी बॅटरी विकली जाते. मी म्हटलं, ‘असेल बेटा. खात्री कशाने करशील?’

त्याने मीटर लावलं. गाडी बंद असताना १२.५ व्होल्ट. ‘बरी आहे.’ मग मला चावी फिरवायला सांगून पुन्हा बघितलं: ११.८. इथे तो अडकला. मी काही बोललो नाही. खराब बॅटरी सेल्फ मारताना दहाच्याही खाली कोसळते. इथे ती जवळजवळ हलतच नव्हती. तो मीटरकडे बघत राहिला आणि मग हळू म्हणाला, ‘बॅटरी द्यायला तयार आहे, सेल्फ घेत नाहीये. मध्ये कुठेतरी अडलंय.’ मला त्या क्षणी झालेला आनंद सांगता येत नाही.

पुढचं त्यानेच केलं. मीटरची एक सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडावर, आणि सेल्फ मारला. पाव व्होल्टच्या आत यायला हवं होतं, आले २.१. इंजिनाकडून बॉडीला जाणारी अर्थिंगची पट्टी काढली तर तिच्या टोकाच्या लगखाली हिरवट पांढरा गंज. घासली, लावली, पहिल्या झटक्यात गाडी चालू. गिऱ्हाइकाचं बिल फक्त मजुरीचं झालं. ते आता आपल्या दोन भावांच्या गाड्याही आणतात.

म्हणून बॉनेट उघडण्याआधी मुलाने तीन गोष्टी बोलायच्या: काय दिसतंय, त्याला काय वाटतंय, आणि ते खरं की खोटं हे कशाने कळेल. चुकीचं बोललं तरी चालेल, गप्प राहिलेलं चालणार नाही. सुरुवातीला लाजतात. मिस्त्री हसले तर ते कायमचे गप्प होतात, म्हणून हसायला मनाई.

स्कॅनरला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषांचे कोड वाचणाऱ्या यंत्राला, हेच लागू. १ एप्रिल २०२० पासून सगळ्या नव्या गाड्या बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) झाल्या, स्कूटरचा कार्बोरेटरही गेला. स्कॅनरशिवाय गॅरेज चालत नाही. पण मुलाच्या हातात तो पहिल्या सहा महिन्यांत देऊ नका. पी-०३०१ आला म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिसफायर (इंधन नीट पेटत नाही), एवढंच तो सांगतो. कॉइल, प्लग, इंजेक्टर की कॉम्प्रेशन, ते सांगत नाही. मुलाला पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची कॉइल अदलाबदल करायला लावा, कोड पुसा, गाडी चालवा. आता पी-०३०२ आला तर दोष कॉइलबरोबर गेला. तसाच राहिला तर कॉइल सोडा, पुढे बघा. पैसे न खर्चता दोष पकडायची ही रीत मुलांना फार आवडते.

जर्मनीत मोटार मेकॅनिक आणि मोटार इलेक्ट्रिशियन हे दोन धंदे २००३ मध्ये एकत्र करून एकच साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम केला. आपल्याकडे अजून ‘वायरिंगवाला वेगळा’ म्हणतात. माझ्या मुलांना मी तसं म्हणू देत नाही. मीटर पहिल्या महिन्यापासून हातात. इलेक्ट्रिक गाडी आली तर मात्र जास्त व्होल्टेजच्या नारिंगी केबलला हात लावायचा नाही, त्याचं वेगळं प्रशिक्षण झाल्याशिवाय कुणीच, मीसुद्धा.

मिस्त्रींचं काय

सगळ्यात जास्त विरोध मला इथे झाला. एक जुने मिस्त्री म्हणाले, ‘शेठ, मी याला शिकवला तर उद्या तुम्ही मला काढून याला कमी पगारात ठेवाल.’ त्यांचं चुकत नव्हतं, असं होतंच. मी दोन गोष्टी केल्या. मुलगा एखादं काम एकट्याने, तीन वेगवेगळ्या गाड्यांवर, न चुकता करू शकला की ते शिकवणाऱ्या मिस्त्रीला ठरलेली रक्कम पगाराबरोबर मिळते. आणि मुलाच्या वहीत त्या कामासमोर त्या मिस्त्रीची सही असते. पैशापेक्षा सहीचा परिणाम मोठा झाला. आपल्या सहीखालचं काम वाईट निघालेलं कुणालाच आवडत नाही.

शिकवणं हेसुद्धा कसब आहे, ते ज्याला काम येतं त्याला आपोआप येत नाही. जर्मनीत मास्तरची परीक्षा चार भागांची असते, आणि चौथा भाग शिकाऊ मुलांना शिकवण्याचाच असतो. आपल्याकडे तशी परीक्षा नाही. म्हणून महिन्यातून एकदा मी मिस्त्रींबरोबर बसतो, सेव उसळ मागवतो, आणि एकच प्रश्न विचारतो: या महिन्यात मुलगा कुठे अडला आणि तुम्ही त्याला तोंडाने कसं सांगितलंत? पहिल्या बैठकीत कुणी बोललं नाही. आता दीड तास पुरत नाही. क्लच प्लेट मध्यावर बसवायची खूण एका मिस्त्रीने अशी काही सांगितली की बाकीच्या तिघांनी तीच धरली.

वही

शंभर पानी, रेघांची, मुलाची स्वतःची. रोज संध्याकाळी दहा मिनिटं, हत्यारं मोजून झाल्यावर. गाडी कुठली, किती किलोमीटर चाललेली, तक्रार गिऱ्हाइकाच्या शब्दांत, आधी काय वाटलं, शेवटी काय निघालं, मापं. ‘ब्रेक केले’ असं लिहिलं तर मी वही परत देतो. ‘पुढचे पॅड, डावं ३ एमएम, उजवं ५, डाव्या कॅलिपरची पिन अडकत होती’ असं लिहिलं तर सही. अक्षर, शुद्धलेखन, काही बघत नाही. लिहिणं जड जातं अशा मुलाला चित्र काढू द्या. माझ्याकडच्या एकाने पूर्ण फ्यूज बॉक्स रंगीत पेनांनी काढला होता, तो आम्ही अजून वापरतो.

दर तीन महिन्यांनी परीक्षा. मी एखाद्या गाडीत दोष घालून ठेवतो. फ्यूज काढतो, सेन्सरचा जोड सैल करतो, एका चाकात हवा कमी ठेवतो. मुलाने शोधायचा, आणि नंतर गिऱ्हाइकाला सांगतो तसा मला सांगायचा, दोन वाक्यांत, न घाबरवता. हे सांगणं आमच्या धंद्यात कुणी शिकवत नाही, आणि निम्मी भांडणं त्यातूनच होतात. एकदा मी हवा कमी ठेवली तर मुलाने चाकं फिरवून, हलवून, अलाइनमेंटपर्यंत सगळं तपासलं. हवेचं गेज समोर खुंटीला टांगलेलं होतं. आता त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याने स्वतःच लिहिलंय: सोपं आधी.

खंडेनवमीला आम्ही हत्यारांची पूजा करतो. त्या दिवशी प्रत्येक मुलगा आपल्या वहीवरही कुंकू लावतो. मी सांगितलं नव्हतं, त्यांनीच सुरू केलं.

मुलगा सोडून जाईल तेव्हा अडवू नका. पैसे थकवून ठेवू नका. रीतसर करार असेल तर त्याची परीक्षा आणि प्रमाणपत्र होईपर्यंत मदत करा. नसेल तर लेटरहेडवर लिहून द्या की हा मुलगा अमुक कामं एकट्याने करू शकतो. फक्त तीच कामं लिहा जी वहीत सहीसकट आहेत. आणि वहीची झेरॉक्स काढून घ्या. पुढचा मुलगा येईल त्याला पहिल्या आठवड्यात ती वाचायला द्यायची आहे. मूळ वही जाणाऱ्या मुलाची.